उलटं घर विकणे आहे

पाटी ताईने स्वतः रंगवली होती. पांढऱ्या पत्र्यावर निळा ऑइलपेंट, आणि पंपाच्या कारखान्यात नोकरीला असताना ती पंपांवर नंबर टाकायची तसली ठसठशीत अक्षरं: 'घर विकणे आहे. उलटं आहे. दाखवताना सगळं खरं सांगितलं जाईल. घाई असलेल्यांनी येऊ नये.'

समोरच्या नर्सबाईंनी ती मला फोनवर वाचून दाखवली. वाचताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मला मात्र घाम फुटला. घर तिघांच्या नावावर होतं, दादाच्या, ताईच्या आणि माझ्या, आणि आम्हा दोघांना न विचारता या बाईने फाटकाला पाटी लटकवली होती. मी लगेच दादाला फोन लावला. दादा समुद्रापलीकडे राहतो आणि तिथे बसून आमच्या घराबाबत उंटावरून शेळ्या हाकतो. तो म्हणाला, "तू जा आणि थांबव तिला. आपलं बालपण आहे ते." बालपण म्हणताना त्याचा आवाज भरून आला. माझाही आला. घराच्या बाबतीत आम्ही दोघे भाऊ फार हळवे. दुरून डोंगर साजरे, हे आम्हाला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

उलटं म्हणजे काय, ते आधी सांगतो.

आमचे बाबा बांधकामावर मुकादम होते. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता त्यांनी शहराबाहेर एक प्लॉट घेतला. तेव्हा तिथे वसाहत नव्हती, नुसत्या खुंट्या होत्या आणि खुंट्यांना बांधलेली दोरी. रस्ते कागदावर होते. बाबांनी नकाशा हातात धरला, चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या, पाया खणला आणि सात महिन्यांत घर उभं केलं. पुढे तीन रुंद पायऱ्या, ऐसपैस ओटा, दोन फळ्यांचं दार. मागे स्वयंपाकघर आणि एक चिंचोळं दार, राख न् कचरा टाकायला. पुढच्या वर्षी रस्ता आला. तो स्वयंपाकघराच्या बाजूने आला. ओट्यासमोर बाटल्यांच्या कारखान्याची भिंत उभी राहिली, पायऱ्यांपासून दोन हातांवर.

बाबांनी नकाशा उलटा धरला होता. सगळ्या वसाहतीला हे कळलं, पण बाबांसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. कुणी चुकून विचारलंच तर ते म्हणायचे, "घर बरोबर आहे. रस्ता चुकलाय." हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. मोडेन पण वाकणार नाही, या जातीचा माणूस.

मग काय, येणारा जाणारा स्वयंपाकघरातून. पोस्टमन आला की आधी चूल दिसायची. दादाच्या शाळेचे हेडमास्तर त्याची तक्रार घेऊन आले, तर आईने त्यांना स्टूल दिलं, पुढ्यात वाटाण्याच्या शेंगांचं ताट दिलं आणि म्हणाली, "बोला तुम्ही, मी ऐकतेय." शेंगा सोलता सोलता माणूस किती रागावणार? अर्ध्या तासात तक्रार संपली. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी बसलेलं मला आठवत नाही. बसचे कंडक्टरसुद्धा आमच्या थांब्याला 'उलटं घर' म्हणून हाक द्यायचे. लेथवर काम करणारे, नर्सा, शिंपी, एक बँड वाजवणारा, सगळे त्या थांब्यावर उतरायचे आणि आमच्या स्वयंपाकघरात डोकावून पुढे जायचे. दादा आणि मी आजही चार माणसांत बसलो की हेच किस्से सांगतो. लोक हसून हसून लोळतात.

आणखी एक गोष्ट होती आमच्या घरात, कपाटाचं दार. स्वयंपाकघरात भिंतीला एक उंच लाकडी कपाट होतं. त्याच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला बाबा नोंदी ठेवायचे. ही त्यांची साइटवरची सवय. "काय मोडलं ते लिहून ठेवलं नाही, तर तेच पुन्हा मोडतं," असं ते म्हणायचे. दारावर सुताराच्या पेन्सिलीने दोन उभ्या रेघा ओढल्या होत्या. मधे काय बिघडलं आणि कधी, डावीकडे कुणी बिघडवलं, उजवीकडे कुणी दुरुस्त केलं. नावं लिहायची नाहीत, खुणा करायच्या. बाबांचा त्रिकोण, आईचं वर्तुळ, दादाचा चौकोन, ताईची फुली. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. मला टिंब मिळालं. ओरडा कधी बसला नाही आम्हाला. दारावर खूण पडायची, बस्स. मला ती पद्धत फार आवडायची. आता कळतं, ज्याच्या खुणा डावीकडे पडतात त्याला ती आवडणारच.

शनिवारी सकाळी मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात एजंट बसला होता. कपाळावर गॉगल चढवलेला, पुढ्यात लॅपटॉप. ताई स्वयंपाकाच्या कट्ट्याला टेकून उभी होती, अडुसष्ट वर्षांची, केस कापलेले, मनगटं अजून पैलवानाची. एजंट तिला जाहिरात वाचून दाखवत होता. "वारसा जपणारी टुमदार वास्तू. शांत, खाजगी दर्शनी ओटा."

"खाजगी?" ताई म्हणाली. "तिथे भिंत आहे. भिंत लिही."

"मॅडम, भिंत लिहिली तर कोण येईल?"

"ज्याला भिंत चालते तो येईल. आणि पंप लिही. स्वयंपाकघराच्या पायरीखाली पंप आहे, त्याच्याशिवाय घर चालत नाही."

"ते कुणी विचारलं तर सांगू ना."

"विचारायच्या आधी सांगायचं," ताई म्हणाली. "आणि हे कपाट रंगवून घ्या म्हणालास ना काल? कपाटाला हात लावायचा नाही."

एजंटने माझ्याकडे पाहिलं, हा तरी शहाणा असेल या आशेने. मी त्याला सांगितलं की घर विकायचंच नाहीये, तू निघ. तो बिचारा गॉगल डोळ्यांवर ओढून निघून गेला.

मग आमची जुंपली. मी दादाला व्हिडिओवर घेतलं आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. दादा बोलला, मी बोललो. आईबाबांचं घर, आमचं मूळ, वर्षातून एकदा तरी सगळ्यांनी जमायची जागा, नातवंडांना दाखवायला काहीतरी उरलं पाहिजे. ताई ऐकत होती. ऐकता ऐकता तिने कणीक मळली.

"झालं?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. आठवणी तुमच्या आणि गळती माझी, हे वाटप कुणी केलं? मी तर केलं नाही."

"अगं, तुलाच घर सोडवत नव्हतं ना," दादा म्हणाला. "मोठ्या पदाची नोकरी मिळत होती तुला, तेव्हासुद्धा तू नाही गेलीस."

ताईने कणकेवर झाकण ठेवलं आणि हात धुतले. तिचा चेहरा मी नीट पाहिला. ती रागावली नव्हती. ती कंटाळली होती आमच्यावर, आणि ते रागापेक्षा वाईट.

"सह्या नका करू," ती म्हणाली. "तुमचा हक्क आहे. पण सोमवारी मी इथून जाणार. स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आहे. लिफ्ट आहे. वर दुसऱ्याचं छप्पर, खाली दुसऱ्याची फरशी. घर ठेवायचं तर ठेवा, पण मग ठेवा. बंद ठेवून चालणार नाही या घराला, कुणीतरी राहावं लागतं. शेंडेफळ, तू रिटायर झालायस. राहा."

दादा लगेच म्हणाला, "हां, तू राहा ना." समुद्रापलीकडून हे म्हणायला काय जातं.

मी बायकोला फोन केला. वाटलं, ती नको म्हणेल आणि मी सुटेन. ती म्हणाली, "जरूर राहा. चांगली हौस भागवून या."

सोमवारी ताईने दोन बॅगा भरल्या, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "जाळी दर तिसऱ्या दिवशी." कसली जाळी ते मी विचारलं नाही. मला वाटलं, खिडकीची. ती फाटकातून बाहेर पडली, पाटी सरळ केली आणि मागे न बघता बसथांब्याकडे गेली.

पहिले दोन दिवस मी राजासारखा राहिलो. ओट्यावर खुर्ची टाकून बाटल्यांच्या कारखान्याच्या भिंतीकडे बघत चहा प्यायलो. वसाहतीत फेरफटका मारला. शिंप्याच्या घराच्या जागी व्यायामशाळा झाली होती, बँडवाल्याच्या जागी कुत्र्यांचे केस कापायचं दुकान, पण गल्ली ओळखीची होती आणि लोक विचारत होते, "उलट्या घरातले ना तुम्ही? धाकटे?" छाती फुगली माझी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, पण नागोबाला ते कुठे ठाऊक असतं?

तिसऱ्या दिवशी गच्चीवरच्या टाकीचा कॉक घसरला. चौथ्या दिवशी ओट्याकडचं मोठं दार फुगून बसलं, उघडेना. पाचव्या दिवशी न्हाणीघराच्या भिंतीला ओल दिसली. मी चाळीस वर्षं विमा कंपनीत दुसऱ्यांच्या घरांच्या नुकसानीचे कागद तपासले आहेत. 'देखभालीचा अभाव' असा शिक्का मारून कितीतरी अर्ज मी परत पाठवले असतील. शिक्का मारायला काय, दोन सेकंद लागतात. प्रत्यक्षात एक कॉक बसवायला माझी पूर्ण सकाळ गेली आणि वर बोट कापलं.

नवव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या मोरीतून पाणी वर आलं. आधी बुडबुडे, मग काळं, तेलकट पाणी. बघता बघता ते फरशीभर पसरलं आणि माझ्या चपला तरंगायला लागल्या. मी फडकी टाकली, बादल्या भरल्या, एकीकडे शिव्या देत होतो. मग प्लंबरला बोलावलं. जवळच राहणारा, पन्नाशीचा माणूस. त्याने पायरीवरचं लोखंडी झाकण बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"ताई कुठायत?" त्याने विचारलं.

"ताई गेल्या. तुम्ही उघडा."

"साहेब, हा पंप त्यांच्याशिवाय कुणी उघडत नाही. बनवणारा कारखानाच बंद पडलाय, भाग मिळत नाहीत. माझ्या हातून तुटला तर मी कुठून आणू? त्या स्वतः घासून बनवायच्या." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्ही घरचेच ना? मग तुम्हाला माहीत नाही?"

ताईने एजंटला जाहिरातीत लिहायला सांगितलेला तो पंप. मला तो फक्त ऐकून माहीत होता, लहानपणी रात्रंदिवस येणारा घर्र आवाज म्हणून. तो कशाला आहे, हे मी साठ वर्षांत विचारलं नव्हतं. प्लंबरने मला दोन वाक्यांत समजावलं. घर उलटं म्हणजे त्याचे उतारही उलटे. सगळं सांडपाणी ओट्याच्या बाजूला जायला बांधलेलं, आणि गटार आलं रस्त्याच्या बाजूला, चार फूट उंचावर. म्हणून बाबांनी पाइप फिरवून स्वयंपाकघराच्या पायरीखाली खोल टाकी खणली आणि पंप बसवला. या घरात कुणी तोंड धुतलं, भांडी घासली, आंघोळ केली, तर ते पाणी कुणीतरी वर चढवावं लागतं. पहिल्या दिवसापासून.

मी ताईला फोन केला. पलीकडे लिफ्टची घंटी ऐकू आली.

"पाणी वर आलंय," मी म्हणालो.

"जाळी काढली होतीस?"

"कुठली जाळी?"

ती म्हणाली, "कपाटाच्या दारावर सगळं लिहिलंय. वाच."

"ताई, तू ये ना. बसने अर्ध्या तासाचा रस्ता."

"नाही येणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून मी कपाटाचं दार उघडलं. इतकी वर्षं हे दार मी लोकांना गंमत म्हणून दाखवत आलो, पण वाचलं कधी नव्हतं. खालून वर वाचत गेलो. अलीकडच्या सगळ्या नोंदींत उजवीकडे फुली. जाळी तुंबली, फुली. पंपाचा वॉशर, फुली. गच्ची गळते, फुली. जागा भरली तशी दारावर दुसऱ्या लाकडाची पट्टी ठोकून पुढे चालू. वर सरकलो तसे डावीकडे चौकोन आणि टिंबं दिसायला लागली. माझी टिंबं मी मोजली नाहीत, पण डावीकडची ओळ भरगच्च होती. उजवीकडे एकही टिंब नव्हतं. एकही नाही. मी दोनदा बघितलं.

मग ती नोंद सापडली. मी सतरा वर्षांचा होतो त्या वर्षीची, ताईच्या अक्षरात. 'पंप बसला. आत सायकल पुसायचं फडकं. आज निघायचं होतं. रद्द.' डावीकडे टिंब. उजवीकडे फुली.

मला ते फडकं आठवलं. खरंच आठवलं. वंगणाने काळं झालेलं, मी मोरीत कोंबलं होतं कारण बाहेर टाकायला जायचा कंटाळा. तेव्हा ताई पंचवीस वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी ती बिघडलेला पंप सायकलच्या कॅरिअरला बांधून तो बनवणाऱ्या कारखान्यात भाग मागायला गेली होती. तिथल्या फोरमनने तिला तो उघडताना बघितलं आणि नोकरीच दिली. सहा वर्षांनी कारखान्याने दुसऱ्या शहरात नवं युनिट काढलं, तेव्हा तपासणी विभागाची मुख्य म्हणून तिला निवडलं. दादा तोवर बाहेर गेला होता. बाबांचा पाय प्लॅस्टरमधे होता. तिची बॅग भरलेली होती. आणि ती गेली नाही. आमच्या घरात या गोष्टीचं एक तयार वाक्य होतं: ताईला घर सोडवेना. मी ते लग्नांमधे सांगितलं आहे. ती समोर बसलेली असताना सांगितलं आहे.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

सगळ्यात वरच्या ओळीवर आईने खिळा ठोकून चाळणी अडकवली होती. चाळणी बाजूला केली. खाली बाबांच्या हातची पहिली नोंद होती, रस्ता आला त्या वर्षीची. 'घर उलटं बसलं.' डावीकडे त्रिकोण, खोल, पेन्सिल रुतवून काढलेला. उजवीकडची जागा रिकामी. म्हणजे जगाला रस्ता चुकला म्हणून सांगणाऱ्या माणसाने इथे, दाराच्या आत, कबूल केलं होतं. आम्ही भावांनी त्या चुकीचे किस्से केले. ताईने ती चूक अठ्ठावन्न वर्षांतली जवळजवळ सगळी वर्षं हातांनी उपसली.

दाराच्या मधोमध तिने पंप उघडायची रीत लिहून ठेवली होती, शाळकरी मुलालाही कळेल अशी. आधी बटण बंद. झाकणाचे चार बोल्ट, तिरके तिरके सैल करायचे, ओळीने नाही. मग हात आत, खांद्यापर्यंत. डावीकडे जाळी. ओढायची नाही, फिरवून काढायची. मी सदरा काढला, पायरीवर पालथा पडलो आणि हात आत घातला. वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांतलं सगळंच पाणी वासाचं होतं असं मी म्हणणार नाही. जाळी सापडायला एक तास लागला. केस, चिकट मेण झालेलं तेल, आणि माझ्याच चहाची नऊ दिवसांची पावडर. जाळी धुतली, बसवली, बोल्ट आवळले, एक आत पडला तो पुन्हा शोधला. बटण दाबलं. घर्र झालं आणि फरशीवरचं पाणी हळूहळू उतरायला लागलं. नर्सबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हाला हात आहेत म्हणायचे."

मी पेन्सिल घेतली. 'जाळी तुंबली.' डावीकडे टिंब. उजवीकडे टिंब.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या खोलीवर गेलो, सह्यांचे कागद घेऊन. माझी सही झाली होती. तिने कागद बघितले, मग माझे नखांत काळे झालेले हात बघितले.

"मी ती नोंद वाचली," मी म्हणालो. "फडक्याची. ताई, माझ्या फडक्यामुळे तू..."

"फडक्यामुळे नाही," ती ताडकन म्हणाली. "फडकं काढायला एक दिवस लागतो. मी दुसऱ्या दिवशी गेले असते. मी पंप उघडून बसले होते आणि घरात तीन माणसं होती. कुणीही म्हणालं नाही की आण इकडे, दाखव मला, पुढच्या वेळी मी करतो. तू सायकल घेऊन गेलास. म्हणून राहिले. फडक्याला कशाला दोष देतोस?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि तिचा चेहरा असा होता की ठीक नव्हतं, पण झालं गेलं तिला आता उगाळायचं नव्हतं. "लोक म्हणायचे, हिचं घराशी लग्न झालंय. लग्न झालं असतं तर केव्हाच घटस्फोट घेतला असता. घराने कधी कागदच समोर केले नाहीत."

दादा अडून बसला. मूळ, वारसा, बालपण. मी त्याला म्हणालो, "ठीक आहे. एक महिना मी राहतो, पुढचा महिना तू राहा. तिकीट काढ." त्याची सही दोन दिवसांत आली. खाली एक ओळ होती: निदान ते कपाटाचं दार आठवण म्हणून मला पाठवा.

"नाही," ताई म्हणाली. "ते दार घराचं आहे. त्याच्याशिवाय नव्या माणसांना काय कळणार? आठवण पाहिजे तर त्याला जाळी पाठव."

घर घेतलं एका बसचालकाने आणि त्याच्या शिक्षिका बायकोने. त्यांच्याआधी अकरा जण येऊन गेले. ताईने प्रत्येकाला आधी पंप दाखवला, मग भिंत, मग ओल, आणि शेवटी खोल्या. एका गृहस्थाला घर पाडून गाळे काढायचे होते. त्याला तिने खोल्या दाखवल्याच नाहीत. एजंट डोकं धरून बसायचा. पण ही शिक्षिका पायरीपाशी उकिडवी बसली, झाकण उघडायला लावलं आणि विचारलं, "चार बोल्ट तिरके का सैल करायचे?" ताईने तिला उत्तर द्यायला अर्धा तास घेतला. मी तेवढ्यात चहा केला. तिने नवऱ्यालाही शेजारी बसवलं आणि म्हणाली, "तुम्हीपण शिका. मी एकटी करणार नाही." ताईने तेव्हाच मनात घर दिलं असावं.

किल्ल्या द्यायच्या दिवशी ताई स्टुलावर चढली. कपाटाचं दार उघडून तिने चाळणीचा खिळा उपटला. सगळ्यात वरच्या ओळीत, बाबांच्या त्रिकोणासमोरच्या रिकाम्या जागेत तिने फुली काढली आणि शेजारी तारीख घातली. मग पेन्सिल शिक्षिकेच्या हातात दिली.

"काही अडलं तर तुम्हाला फोन केला तर चालेल ना?" शिक्षिकेने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "सगळं लिहिलंय."

मी चपापलो. ती शिक्षिका मात्र हसली, जणू तिला हेच उत्तर हवं होतं. आम्ही स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलो. ताईने फाटकावरची पाटी काढून माझ्या बगलेत दिली.

त्या संध्याकाळी मी तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसलो होतो. एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीत रेल्वेचे रूळ. बेसिनचा नळ गळत होता. टप, टप, टप. हा आवाज ऐकून ही बाई आयुष्यात कधी स्वस्थ बसली नव्हती. जेवणावरून उठायची. मी हल्लीच शिकलेला माणूस, मला राहवेना. मी बाह्या सरसावल्या.

"पाना कुठाय? वॉशर गेलाय. दोन मिनिटांचं काम."

"बस खाली," ताई म्हणाली. तिने दोन्ही पाय समोरच्या खुर्चीवर पसरले होते आणि डोळे मिटले होते. "घरमालकाला फोन केलाय. तो येईल आणि करेल."

"अगं, पण तोवर?"

"तोवर गळू दे."